वायुदलाची पहिली झुंज आणि मुंबईची विमाने



नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. ८ ऑक्टोबर हा वायुदल दिन; १९३२ साली याच तारखेला भारतीय वायुदल स्थापन झाले. या दलाशी मुंबईचे जे जुने नाते आहे, ते सांगण्यास एवढे निमित्त पुरे.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिचा संसार केवढा? चार वापिटी विमाने, इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकलेले मूठभर हिंदी अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही. १९३७ मध्ये ही विमाने वझिरिस्तानात प्रथम लढाईत उतरली. समोर होते ते ब्रिटिश सत्तेला न जुमानणारे टोळीवाले. तेव्हा हा अध्याय मिरवावा असा नाही. परंतु विमान आणि त्याची हुकमत हिंदी माणसाच्या हाती सोपवावी की नाही, हा वाद त्या काळी होता, आणि त्याचे उत्तर वादविवादाने मिळणारे नव्हते.

ते मिळाले ब्रह्मदेशात. १९४१ च्या अखेरीस या स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमाने मिळाली, ती मुंबईच्या युद्धनिधीतून. लायसँडर हे मुळात सैन्याला टेहळणीत साह्य करणारे, संथ गतीचे विमान. फेब्रुवारी १९४२ च्या प्रारंभी स्क्वाड्रन टाँगू येथे पोहोचते न पोहोचते तोच जपान्यांनी त्या तळावर बॉम्बवर्षाव केला. प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार. त्यांनी लायसँडरला अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब लावले, सोबतीला दोन लढाऊ विमाने घेतली आणि थायलंडमधील मे होंग सोन येथील जपानी तळावर हल्ला चढविला. दुसऱ्या दिवशी सारी स्क्वाड्रन त्यांच्यामागून गेली. टेहळणीच्या विमानाचे बॉम्बफेकी विमान झाले, ते तळावरच्या तंत्रज्ञांच्या हातांनी! वैमानिकांची नावे इतिहासात येतात. हे हात बहुधा अनामच राहतात. मजुमदार यांना या मोहिमेबद्दल डी. एफ. सी. हे शौर्यपदक मिळाले.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला याच मुंबईत, गवालिया टँक मैदानावर, ‘छोडो भारत’चा ठराव झाला. एकाच शहराच्या या दोन गोष्टी शिकविताना एक सांगून दुसरी झाकणे शिक्षकांनी टाळावे, असे मला वाटते. मजुमदार आणि त्यांचे सहकारी परक्या राज्याच्या झेंड्याखाली लढले हे खरे. आणि स्वतंत्र भारताला १९४७ मध्ये लढण्यास तयार असे वायुदल त्यांच्यामुळेच लाभले, हेही तितकेच खरे.

मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर त्याच पिढीतले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले, आणि १९७६ ते १९७८ या काळात ते वायुदलप्रमुख होते.