आवडीचा नंबर दुसरा



सुरतेत ख्रिस्ती व्यासपीठावर उभा राहिलेला अध्यक्ष १८१५ पासून सुरुवात करतो. लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री आले, छापखाना घातला, बायबल गुजरातीत आणलं. सगळं खरं, आणि तुम्हांला पाठही. मी १४ जानेवारी २०२४ पासून सुरू करतो. त्या दिवशी उत्तरायण रविवारी आलं. गच्च्या पतंगवाल्यांनी भरल्या आणि उपासनेची बाकं ओस पडली. मग कित्येक रविवार व्यासपीठावरून पतंग, क्रिकेट आणि मोबाइल यांवर तोफा सुटल्या.

मला ती ओस बाकंही मान्य नाहीत आणि त्या तोफाही. पतंग उडवण्यात पाप कसलं? दोन गोष्टी एकाच घटकेला समोर आल्या, तर तुम्ही कुठली थांबवता, एवढंच मला विचारायचं आहे.

छंद सोडा म्हणणाऱ्यांनी आधी रेव्हरंड टिळकांचं काय करायचं ते सांगावं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. कवितेचं वेड त्याआधीचं, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात ते वाहून गेलं नाही. फुलांवर लिहिलं, मुलांवर लिहिलं. आपल्या खानदेशातल्या धरणगावच्या बालकवींना नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तो मुलगा ख्रिस्ती नव्हता, म्हणून काही अडलं नाही. पण हीच लेखणी प्रभूच्या कामाला लागली तेव्हा अभंग-ओवीच्या चालीवर भजनं आली, आणि ती आपण आजही गातो. १९१७ मध्ये या माणसाने मिशनचा पगार सोडला. कविता ठेवली, पगार सोडला! आपल्यातले किती जण याच्या उलट करतील?

दुसरा माणूस धावपटू एरिक लिडल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत उतरलाच नाही. पुढे चारशे मीटरचं सुवर्ण त्याने ४७.६ सेकंदांत घेतलं. ही गोष्ट आपले प्रचारक इथेच संपवतात, कारण पुढची अडचणीची आहे. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला. तिथे मुलं रविवारी हॉकी खेळताना मारामारीवर आली, तेव्हा हाच लिडल रविवारी पंच म्हणून मैदानात उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो रविवार मोडला नाही, तो त्याने परक्या पोरांसाठी मोडला. याला मी क्रम कळणं म्हणतो.

आता आपल्या सुरतेतल्या लिंबायत-उधन्याकडे या. नंदुरबार-धुळ्याकडून आलेला आपला भाऊ लूमवर बारा तास उभा असतो. त्याला आठवड्यात एक तास ढोलकी वाजवायला मिळते. त्याच्यासमोर छंदत्यागाचं प्रवचन झोडणाऱ्यांची मला चीड येते. त्याच्या ढोलकीने प्रभूची जागा घेतलेली नाही. ती घेतली आहे आपण, पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी. मंडळीच्या निवडणुका, मिशनच्या जमिनींचे खटले, गायनवृंदात पुढे कोण उभं राहणार यावरची भांडणं, हे आपले छंद आहेत आणि त्यांना आपण सेवा म्हणतो. पतंगवाला निदान संध्याकाळी मांजा गुंडाळून घरी जातो. आपले खटले बापाकडून मुलाकडे जातात.

म्हणून अध्यक्ष या नात्याने दोन ठराव मांडतो. लूमची पाळी सुटल्यावर, रात्री आठला, रविवारची दुसरी उपासना सुरू करावी. आणि मंडळीच्या पैशाने चाललेला कोणताही खटला वर्षभर थांबवावा. वकील मंडळी समोर बसली आहेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता, सगळ्यांदेखत हात वर करावा.