प्रवेशानंतरचे सहा महिने

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेले भाषण.)



याच सभागृहात एकोणतीसचा पाढा चुकल्याबद्दल मी तासभर उभी होते. आजही उभीच आहे, फक्त समोर ध्वनिक्षेपक आहे. शाळेने साठ वर्षांत आपल्याला काय दिले, हे अनेकांनी सांगितले. त्या देण्याचा एक भाग आपण कोणाच्या हाती द्यावा, एवढेच मी बोलणार आहे.

शाळा सोडून मी महाविद्यालयात गेले, तेव्हा पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी ‘एल. सी. एम.’ हा शब्द उच्चारला. तो आपला जुना लसावि आहे, हे मला तास संपेपर्यंत उमगले नाही. गणित येत होते. गणिताची बोली बदलली होती. पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. तरीही मी टिकले आणि पुढे कितीतरी वर्षे ते श्रेय स्वतःच्या बुद्धीला देत राहिले. वस्तुतः माझा थोरला भाऊ त्याच महाविद्यालयात शिकलेला होता. त्याच्या वह्या घरात होत्या. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे वडिलांना ठाऊक होते. संध्याकाळी घरी परतल्यावर आई वरण-भात वाढत होती. माझ्या बुद्धीला एवढे टेकू होते आणि मला त्यांतला एकही दिसला नव्हता.

मी शिकवू लागले तेव्हा अलीराजपूर, झाबुआ, धार, बडवानी या भागांतून भिल्ल, भिलाला, बारेला समाजांतील मुले आमच्या वर्गात येत. त्यांच्या घरी भिली, भिलाली किंवा बारेली बोलली जाते. शाळेत हिंदी येते आणि विज्ञान शाखेत पाऊल टाकताच इंग्रजी. आपण मराठी शाळेतल्या मुलांनी भाषेचा एक उंबरठा ओलांडला. या मुलांना दोन ओलांडावे लागतात. आपल्या भाषेला क्रमिक पुस्तके होती, शब्दकोश होते. त्यांची भाषा शाळेच्या दारातच थांबवली गेली. २०११च्या जनगणनेत अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता ३६.१ टक्के, म्हणजे देशातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. अशा ठिकाणाहून जो मुलगा विज्ञानाच्या पदवीवर्गापर्यंत पोहोचतो, त्याने आपल्याहून लांबची वाट तुडवलेली असते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील एक विद्यार्थी मला आजही आठवतो. तो अलीराजपूरकडचा होता. शेवटच्या बाकावर बसे आणि हजेरीला ‘यस सर’ म्हणे, मी बाई असूनही. वर्ग हसे आणि मीही एकदा हसले. सहामाहीत त्याने दोन उदाहरणे अचूक सोडवली होती, परंतु पायऱ्यांच्या मध्ये एकही शब्द नव्हता. मी शेरा लिहिला, ‘रीत बरोबर, स्पष्टीकरण नाही’, आणि दहांपैकी तीन गुण दिले. त्यानंतर तो दोनदा आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा मी म्हटले, ‘नंतर ये.’ पुढे हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या आणि एके दिवशी नाव वगळले गेले. शिष्यवृत्ती न आल्यामुळे त्याला भाड्याची खोली सोडावी लागली, हे महाविद्यालयाच्या शिपाईमामांना माहीत होते, मला नव्हते. तो दाराशी काय विचारायला आला होता, हे मला कधीच कळले नाही.

त्यानंतर मी विचारू लागले. उत्तरे साधी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मंजूर असते, पण गुणपत्रिकेवरील आणि जातीच्या दाखल्यावरील नावात एका अक्षराचा फरक निघाला की पैसे अडकतात. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. कार्यालय पालकांची सही मागते. आईवडील दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत गेलेले असतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात, गावाकडचा तो वर्षाचा मोठा सण. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही चाचणी ठेवत असू आणि मुले ‘अनियमित’ ठरत. यांपैकी एकाही गोष्टीचा बुद्धीशी संबंध नाही.

म्हणून आम्ही दोघा-तिघा सहकाऱ्यांनी काही लहान कामे हाती घेतली. सत्र सुरू होण्याआधी दोन आठवडे आम्ही जोडवर्ग घेऊ लागलो. त्यात नवे गणित नसे. प्रश्नपत्रिकेची भाषा असे. ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे किंमत काढा, ‘शो दॅट’ म्हणजे सिद्ध करा, ‘हेन्स’ आले की मागच्या उत्तराचा आधार घ्या. प्रत्येक नव्या मुलाला त्याच भागातला, एक वर्ष पुढे असलेला सोबती देऊ लागलो. बँक, अर्ज, ग्रंथालय ही सर्व कामे पहिल्या आठवड्यात तो बरोबर जाऊन करवून घेई. शिष्यवृत्ती येईपर्यंत भाड्यापुरती बिनव्याजी उसनवारी मिळेल, असा एक छोटा निधीही उभा केला. ‘मदत’ म्हटले की मुले संकोचत. ‘उसने’ म्हटल्यावर घेत.

परंतु वर्गातील खरा बदल एका विद्यार्थिनीमुळे झाला. फळ्याजवळ बोलावले की ती गप्प होई. एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला तेच उदाहरण भिलालीत समजावून देताना मी ऐकले. शब्द मला कळत नव्हते. पण बोटाने हवेत काढलेली वक्ररेषा अचूक होती. त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी गटात आपापल्या बोलीत बोला, मग मला हिंदीत सांगा, शेवटी इंग्रजीत लिहा. पहिले काही दिवस वर्गात इतका गलका झाला, की शेजारच्या वर्गातून निरोप आला. तरीही तो गलका मला हवासा वाटे, कारण त्यात शेवटचा बाकही बोलत होता. सगळेच टिकले, असे मी म्हणणार नाही. काहींना घरच्या अडचणींनी परत नेले. पण कोणी गेले, तर ते का गेले, हे आम्हाला निदान ठाऊक असे.

२०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार, १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के, तर अनुसूचित जमातींत २१.२ टक्के होते. हे अंतर कमी व्हायलाच हवे. मात्र हे आकडे दारातून आत आलेल्यांचे आहेत. आत आलेला टिकला का, हे पाहणे शिक्षकांचे आणि समाजाचे काम आहे.

आणि टिकायचे म्हणजे मुलांनीच बदलायचे, असेही नाही. झारखंडचे डॉ. रामदयाल मुंडा खेड्यातून निघून शिकागो विद्यापीठापर्यंत गेले, त्यांनी अमेरिकेत अध्यापन केले आणि परत येऊन रांची विद्यापीठात जनजातीय व प्रादेशिक भाषांचा विभाग उभा केला. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी स्वतः विद्यापीठाची भाषा शिकून घेतलीच, शिवाय विद्यापीठालाही मुंडारी, संताली, कुडुख शिकायला लावले. परराज्यात राहून आपली भाषा साठ वर्षे सांभाळणाऱ्या शाळेला याचे मोल निराळे सांगायला नको.

आता आपल्यासमोर तीन विनंत्या ठेवते. आपल्यापैकी अनेकांची या शहरात घरे आहेत. खोली भाड्याने मागायला आलेल्या मुलाचे आडनाव ऐकून ‘खोली गेली’ असे सांगू नका. जे बँकेत, कार्यालयांत आहेत, त्यांनी जुलै-ऑगस्टमधील दोन रविवार अर्ज आणि दाखले तपासून देण्यासाठी द्यावेत. आणि जे शिक्षक आहेत, त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘नंतर ये’ म्हणू नये. हीरक महोत्सवी निधीतील काही वाटा अशा उसनवारीसाठी बाजूला काढता येईल का, याचाही संस्थेने विचार करावा. माझ्याकडून पहिली रक्कम मी आजच कार्यालयात देऊन जात आहे.

शाळेने मला पाढा येईपर्यंत उभे केले, पण वर्गाबाहेर काढले नाही. तेवढा धीर आपण दुसऱ्याच्या मुलांसाठीही धरावा, एवढेच मागणे आहे.