चाकांवरच्या खोलीचा मेकॅनिक



गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा मढच्या बंगल्यांसमोर रांगेने उभ्या असलेल्या लांबलचक गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या व्हॅनिटी व्हॅन. नव्वदच्या दशकात अभिनेत्री पूनम ढिल्लन यांनी हा व्यवसाय मुंबईत रुजवला. त्याआधी आउटडोअरला बायकांना कपडे बदलायला चादरीचा आडोसा धरावा लागायचा, आणि शौचालयाची तर फारच पंचाईत. म्हणून ही गाडी म्हणजे निव्वळ नटनट्यांची चैन असं मला कधीच वाटलं नाही.

या गाडीचं इंजिन बिघडलं तर गॅरेज आहे. आतली खोली बिघडली की आम्हाला फोन येतो. एसी, जनरेटर, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, कमोड, दाराची बिजागरी, सगळं एकाच माणसाने बघायचं. मी मुलुंडच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला. वायरिंग आणि प्लंबिंग मात्र जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो.

सर्वांत जास्त तक्रार एसीची. घरातला स्प्लिट एसी एकदा भिंतीवर बसला की हलत नाही. इथे तोच एसी आरेच्या खड्ड्यांतून रोज हादरे खात जातो. तांब्याच्या नळीचा फ्लेअर नट ढिला पडतो आणि गॅस हळूहळू निघून जातो. मालक म्हणतात, गॅस भर आणि मोकळा हो. पण साबणाचा फेस लावून लीक शोधल्याशिवाय मी गॅस भरत नाही. नळी नवी टाकताना तिला एक मोठा वेढा देऊन ठेवायचा. हादरे त्या वेढ्यात जिरतात.

पावसाळ्यात दुसरा फोन येतो, "पायरीला करंट लागतोय." जनरेटर बंद असतो, बंगल्यातून लाइन घेतलेली असते, आणि घाईत अर्थची वायर जोडायची राहिलेली असते. आत कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली की गाडीच्या सगळ्या बॉडीत वीज येते. आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. ओल्या मातीत पाय ठेवून जो दांडी धरतो त्याला झटका बसतो, आणि तो बहुतेक वेळा चहा घेऊन आलेला स्पॉटबॉय असतो. म्हणून माझं पहिलं काम अर्थ तपासायचं, दुसरं आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघायचं. तो स्विच पडला नाही तर एसीला हात लावायचा नाही, मग कलाकार कितीही मोठा असो.

पण मला आज मुख्यतः धुराबद्दल सांगायचंय. डिसेंबर 2024 मध्ये केरळात, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या अशाच खोलीत, दोन माणसं मृत सापडली. जनरेटरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक गाडीखाली टॉर्च घेऊन आडवा होतो. पाइप किंवा केबल जिथून वर जाते ते प्रत्येक भोक सीलंटने बुजवतो, सायलेन्सरचा जोड बघतो, धुराचं तोंड बॉडीच्या कडेबाहेर निघतंय ना ते बघतो. प्रॉडक्शनवाले घाई करतात, "शिफ्ट लागायचीये, एसी गार करून दे आणि नीघ." पण वेळ लागायचा तेवढा लागतोच.

नव्या कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. पण दहा वर्षं चाललेल्या गाडीत मधल्या काळात कोणी काय जोडलं, कुठे ड्रिल मारलं, ते दुरुस्ती करणाऱ्यालाच दिसतं. आणि त्याला हे शिकवणार कोण? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन वेगळा, प्लंबर वेगळा, डिझेल मेकॅनिक वेगळा. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये माझ्याकडे येणारी मुलं हुशार आहेत, पण एसी येतो त्याला अर्थिंग कळत नाही, वायरिंग येतं त्याला धुराचं काही माहीत नसतं. या सगळ्याचा मिळून एक छोटा कोर्स आपल्या आयटीआयमध्ये सुरू व्हावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. शिकवायला मी स्वतः यायला तयार आहे.

कारण आता ही गाडी सिनेमापुरती राहिलेली नाही. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि बोरिवली-घाटकोपरची कुटुंबंही अशी गाडी भाड्याने घेऊन कोकणात जाऊ लागली आहेत. तुम्ही घेणार असाल तर ताब्यात घेतानाच मालकाला सांगा, आरसीसीबीचं बटण दाबून दाखवा, जनरेटरचा धूर कुठून बाहेर पडतो ते दाखवा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते विचारा; नसेल तर स्वतःचा विकत घेऊन न्या. आणि रात्री मुलंबाळं झोपायच्या आधी जनरेटर बंद करा. उकडलं तर खिडक्या उघडा.