उंचावलेल्या गाडीचे आर्म

पावसाळ्यांत ढोकीच्या शिवारांतून चारचाकी गाडी नेणें हा एक लहानसा पराक्रमच होय. काळी माती भिजली कीं राळेसारखी चाकास चिकटते, आणि गळिताच्या हंगामांत उंसाच्या ट्रॉल्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या पुढल्या पावसांत पाण्यानें भरून जातात. दोन चाकोऱ्यांमधील उंचवटा गाडीच्या पोटास घासूं लागतो. अशा वेळीं तरुण मंडळींस गाडी उंच करून घेण्याचा मोह पडावा यांत नवल नाहीं.

चाक, भार आणि जमीन यांच्या नात्याचा विचार या गांवाला नवा नाहीं. ढोकीवरून लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें उभारली. कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये हा दंडक त्यानें इंजिनापासून डब्यापर्यंत पाळला होता. १९११ सालीं ती लातुरास पोंचली. ती अरुंद गाडी आतां गेली व तिच्या जागीं रुंद रूळ आले. परंतु रूळ, आंस आणि डबा यांचा हिशेब एकत्रच मांडावयाचा असतो, ही तिच्या रचनेंतील दृष्टि अजून शिकण्यासारखी आहे. गाडी उंच करणारा तरुण बहुधा एकट्या स्प्रिंगेचाच हिशेब मांडतो.

ढोकीच्या एका शेतकरी घरांत महिंद्र कंपनीची, २०२० सालीं निघालेल्या नव्या घाटाची, थार गाडी आहे असें समजावें. मुळांतच तिचें पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच, उंच असतें. मुलानें स्प्रिंगा बदलून ती आणखी दोन इंच उचलली. गाडी रुबाबदार दिसूं लागली खरी. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या ध्यानांत आलें कीं डांबरी सडकेवर ती सरळ धांवत नाहीं, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपण होऊन माघारें येत नाहीं, आणि पुढचे टायर एकाच कडेनें झिजत आहेत. घरांतील आजीला लातूरच्या दवाखान्यांत नेण्याची गाडीहि हीच. तेव्हां हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं.

जुन्या जीपगाडींत ही अडचण अशा रूपानें येत नसे. तिचा पुढला आंस एकसंध असून पोलादी पाट्यांवर बांधलेला असे; पाटा भारहि वाही आणि आंसाला जागेवरहि धरून ठेवी. नव्या थारमध्यें पुढल्या बाजूस हीं दोन कामें वेगळीं केलीं आहेत. भार वाहावयाचा स्प्रिंगेनें, आणि चाक जागेवर धरावयाचें आर्मनीं. प्रत्येक पुढील चाकास वर एक आणि खालीं एक असे दोन आर्म असतात. आंतल्या टोकाशीं ते रबरी बुशांच्या योगें सांगाड्यास जोडलेले असतात, आणि बाहेरच्या टोकास बॉल जॉइंट असतो. बिजागरीवर दार फिरावें तसा आर्म बुशावर वरखालीं फिरतो.

वरचा आणि खालचा बॉल जॉइंट जोडणारी एक रेषा मनांत आणावी. चाक वळतें तें या रेषेभोंवतीं. ही रेषा वरच्या टोकाशीं किंचित् मागें कललेली असते; या कलास कारागीर कॅस्टर म्हणतात. दवाखान्यांतील ढकलगाडीचें लहान चाक जसें गाडी चालूं लागतांच तिच्या मागोमाग येऊन सरळ होतें, तसें या कलामुळें मोटारीचें चाक सरळ होऊं पाहतें. गाडी उंचावली कीं आर्म खालीं झुकतात, आणि हा कल बहुधा कमी होतो. वडिलांना जाणवलेल्या दोषाचें मूळ तेथें होतें. शिवाय वरचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेच्या टोकाशीं येऊन बसतो, आणि खड्ड्यांत चाक लोंबलें कीं त्यावर नको तो ताण पडतो.

यासाठीं उंच गाडीकरितां निराळे वरचे आर्म मिळतात. त्यांच्या बाहेरच्या सांध्याची जागा थोडी मागें घेतलेली असते, आणि सांध्यास अधिक झुकण्याची मोकळीक असते. ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एक बाजू नवी व एक जुनी ठेवणें ही खोटी काटकसर होय.

काम तसें अवघड नाहीं, पण धसमुसळेपणा चालत नाहीं. मागील चाकांस उटी लावून गाडी घोड्यांवर ठेवावी; नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं हात घालणारा मिस्त्री शूर नव्हे, अविचारी होय. चाक काढल्यावर मधला भाग टेका देऊन धरावा, नाहीं तर त्याचें सारें ओझें ब्रेकच्या नळीवर लोंबतें. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढूं नये. दोन-चार आटे ठेवून पुलरनें सांधा सोडवावा, म्हणजे तो एकाएकीं उसळून हातावर येत नाहीं. आट्यांवर हातोडा तर मुळींच मारूं नये.

खरी चूक होते ती शेवटीं, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. बुशांतील रबर आंतल्या व बाहेरच्या नळीस चिकटविलेलें असतें; आर्म फिरतो तेव्हां तें घसरत नाहीं, पिळलें जातें. चाकें हवेंत लोंबत असतांना बुशाचे बोल्ट आवळले, तर रबराची विश्रांतीची स्थिति ती लोंबती स्थितीच ठरते. मग गाडी जमिनीवर उभी असली तरी रबर रात्रंदिवस पिळलेलेंच राहतें, आणि लौकरच फाटतें. म्हणून बोल्ट आधीं हातानें बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दोन-चार वेळां दाबून तिला आपल्या उंचीवर येऊं द्यावें, आणि मगच कंपनीनें सांगितलेल्या मापानें टॉर्क पान्यानें ते आवळावेत. खालीं सरपटत शिरावें लागतें, कपडे मळतात, म्हणून ही पायरी टाळली जाते. गिऱ्हाइकानें तेवढा वेळ तेथें उभें राहावें हें बरें.

त्यानंतर अलाइनमेंट करणें ओघानेंच आलें. तें केल्यावांचून नवे आर्म बसविल्याचें श्रेय पदरांत पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर निर्बंध घातला आहे. तेव्हां उंची वाढविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी, आणि विमा उतरविणाऱ्यासहि विचारावें. चार-पांच इंच गाडी उचलण्याची हौस तर शेतकऱ्यानें धरूंच नये. पुढल्या चाकांस फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे त्या कोनांत फार दिवस टिकत नाहींत, आणि उंच गाडी वळणावर कलंडण्याचें भयहि वाढतें.

तीनचारशें किलोमीटर शेतरस्त्यावर चालल्यावर गाडी पुन्हां मिस्त्रीकडे न्यावी, प्रत्येक बोल्टावर पाना लावून पाहावा, आणि अलाइनमेंटचा नवा कागद पहिल्याशेजारीं ठेवून आंकडे ताडावेत. ते जुळले, म्हणजे आजीला घेऊन लातूरला निघावें.