बुजलेल्या तळ्यांवरून चालताना

कोल्हापूर म्हटलं की माणसं आधी तांबडा-पांढरा रस्सा म्हणतात, मग चप्पल, मग कुस्ती आणि शेवटी अंबाबाईचं नाव घेऊन हात जोडतात. तळ्यांचं शहर म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. तो मान उदयपूरचा, भोपाळचा. पण आमच्या पेठांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी तळ्यांची नावं अशी यायची, जणू लग्नघरात नातेवाइकांची हजेरी चाललीय. रंकाळा, पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, फिरंगाई, कोटितीर्थ, कळंबा. पहिल्या चारांचं तर यमकही आयतंच जुळलेलं, कवीला कष्ट नाहीत. यांतल्या मोजक्या तळ्यांत आज पाणी आहे. उरलेल्यांवर आपण भाजी घेतो, फुटबॉलचा सामना बघतो, गाड्या लावतो.

मी रोज पहाटे चालतो. सोबत शिवाजी पेठेतले एक निवृत्त गुरुजी असतात. त्यांचं गणित पक्कं आणि माझं कच्चं, त्यामुळे अंतर ते मोजतात आणि गप्पा मी मारतो. चालून चालून एक गोष्ट ध्यानात आली. गाडीवरून हे शहर सपाट दिसतं. उतार कुठे लागला आणि चढ कुठे सुरू झाला, हे पोटरीला कळतं. चारी बाजूंचे उतार जिथं येऊन थांबतात, तिथं बहुतेक एखादं तळं होतं. जमीन बुजवता येते, तिचा उतार सहसा बुजत नाही.

सुरुवात रंकाळ्यापासूनच करू. पूर्ण फेरा साधारण साडेचार किलोमीटरचा, रमतगमत तासाभराचा. टॉवरपासून निघालं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला जागं होणारं शहर. मूळची ही दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथलाच, असं परंपरा सांगते. मग कधीतरी भूकंप झाला, खाण फुटली आणि पाणी वर आलं. देवीचा सेवक रंकभैरव, त्याचं सोन्याचं देऊळ याच पाण्यात बुडालं, अशीही कथा आहे. म्हणजे गावाने एका हाताने देऊळ उभारलं आणि त्याच खड्ड्यात दुसरं बुडवलं. काठावरच्या नंदीचं तर विचारू नका. तो रोज तीळभर पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, की उलट, यावर गुरुजींचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

पाणी उतरलं की तळ्यातला संध्यामठ उघडा पडतो. काळ्या दगडाचे खांब, वर छत आणि आत गारवा. पावसाळ्यात तोच मठ गळ्यापर्यंत बुडतो. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला. राजकन्येच्या नावाचा हा वाडा १९८७ साली हॉटेल झाला, पुढे तेही बंद पडलं. त्याच अंगाला शांतारामबापूंचा शांतकिरण स्टुडिओ होता. चित्रपटवाल्यांनी रंकाळ्याचं पाणी जितकं पडद्यावर दाखवलं, तितकं आम्ही डोळे उघडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कारण हे पाणी २०१२च्या सुमारास हिरव्या शेवाळाने असं माखलं, की लांबून कुणाला कुरण वाटावं. नाल्यांतून येणारं सांडपाणी हे त्याचं कारण. फेरा मारणारे नाकाला रुमाल लावून चालायचे, पण चालायचे. कोल्हापूरकर चिडतो, भांडतो, पण रंकाळा सोडत नाही.

या फेऱ्यात मला सर्वांत आवडणारं नाव आहे 'धुण्याची चावी'. चावी म्हणजे आमच्याकडे नळ. तळ्याचं पाणी बाहेर काढून बायकांना धुणं धुवायला केलेली ही जागा. तळ्यात साबण जाऊ नये आणि धुणंही व्हावं, एवढा साधा हिशेब. पुढे मोठमोठ्या योजना आल्या, त्यांच्या फलकांवर लांबलचक नावं आली. धुण्याची चावी या दोन शब्दांत जितकं शहाणपण आहे, तितकं त्या फलकांत मला अजून सापडलेलं नाही.

आता रंकाळ्याकडे पाठ करून पूर्वेला निघा. ताराबाई रोड धरला की नाक समोर ठेवून चालत देवळाच्या महाद्वारापाशी पोचता. ही वाट नीट लक्षात ठेवा, कारण वर्षातून दोनदा एक वेगळाच वाटसरू हिच्यावरून जातो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणं पश्चिमेकडून येतात, महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर. यालाच किरणोत्सव म्हणतात. वाटेत इमारती वाढल्या, वरचे मजले आडवे आले, तशी किरणं अडखळू लागली. मग मोजमाप झालं, अडथळे काढा म्हणून ओरड झाली, काही निघालेही. सूर्याच्या चालण्याची वाट मोकळी राहावी म्हणून एखादं गाव भांडतं, ही गोष्ट मला फार आवडते. तळ्यांसाठी मात्र गाव इतकं भांडलं नाही.

याच वाटेवर कपिलतीर्थ आहे. म्हणजे मंडई आहे. मेथीच्या पेंढ्या, वांगी, ओल्या शेंगा, लिंबांचे ढीग. आत कपिलेश्वराचं देऊळ. हा इथला ग्रामदैवत, अंबाबाईच्याही आधीचा, असं जुनी माणसं सांगतात. एकदा कोथिंबीर घेता घेता मी भाजीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, इथं पूर्वी पाणी होतं म्हणं?"

मावशींनी जुडी झटकली. "पूर्वी कशाला? सकाळी सातला येतंय की नळाला."

गुरुजी पिशवी धरून हसत उभे. पण मावशींच्या उत्तरात तळी का गेली ते सगळं आलं. घरोघरी नळ आला आणि तळ्याकाठची वर्दळ ओसरली. ज्या पाण्यात आपला हंडा बुडत नाही, त्या पाण्यात काय पडतं याकडे आपलं लक्ष राहत नाही. आधी निर्माल्य, मग कचरा, मग डास. आणि डास झाले की बुजवा म्हणायला सगळेच एकमुखाने तयार. कुणी एका माणसाने तळी बुजवली नाहीत. आधी ती वापरातून गेली, मग नजरेतून, आणि शेवटी मुरुमाखाली.

याच्या उलटही घडलं आहे, म्हणून सांगतो. अंबाबाईच्या देवळाच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड असंच बुजवलं होतं, वर बाग केली होती. २०२०च्या सुमारास ते पुन्हा उकरायला घेतलं. माती निघाली, पायऱ्या दिसू लागल्या, जुनी भांडी आणि नाणी सापडली. खाली सगळं जागच्या जागी होतं.

देवळापासून थोड्याच अंतरावर बाबूजमालचा दर्गा. त्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला दाखवला की तो फोटो काढतो आणि 'एकात्मता' वगैरे मोठे शब्द बोलतो. आम्हाला त्यात काही मोठं वाटत नसे. इथल्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि बसवणारे बहुतेक हिंदू असतात. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा काही तालमींनी दोघांना एकाच मांडवाखाली बसवलं. कुणी ठराव केला नव्हता. जागा एकच होती, माणसं तीच होती.

पण वाट सांगताना वाटेतला खड्डा लपवू नये. ७ जून २०२३ला, मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून, याच शहरात दगडफेक झाली. मोडतोड झाली, इंटरनेट बंद झालं. मी दोन दिवस फिरायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी दारात उभे. "चला कविराज, पाय जड झाले असतील." एरवी ते माझ्या डाव्या हाताला चालतात, कारण त्यांच्या उजव्या कानाला बरं ऐकू येतं. त्या दिवशी मात्र ते रस्त्याच्या बाजूने, माझ्या उजवीकडून चालले. माझं निम्मं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसणार. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. पुढे आठवडाभर ते त्याच बाजूने चालत होते.

महाद्वार रोडने दक्षिणेला बिनखांबी गणेश मंदिरावरून खाली उतरलं की शिवाजी पेठेत वरुणतीर्थ वेस लागते. आता तीर्थही नाही आणि वेसही नाही, नाव तेवढं आहे. समोर आहे ते गांधी मैदान. हेच वरुणतीर्थ. मोठमोठ्या सभा इथं झाल्या. पण खरी गंमत पावसाळ्यात असते. दोन दिवस मोठा पाऊस झाला, की आजूबाजूच्या पेठांतलं पाणी उताराने येऊन या मैदानात साठतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेला मथळा येतो, 'गांधी मैदानाचे झाले तळे'. गुरुजी तो मथळा दर वर्षी मला वाचून दाखवतात आणि म्हणतात, "झाले नव्हे, होते." वरुण हा पाण्याचा देव. तो आपल्या पत्त्यावर दर वर्षी येतो आणि आपण पंप लावून त्याला बाहेर काढतो.

तिथून पूर्वेला मंगळवार पेठेकडे वळलं की 'पाण्याचा खजिना' लागतो. पैशाच्या नव्हे, पाण्याच्या साठ्याला खजिना म्हणणारी ही माणसं कोण असतील, या विचाराने मी तिथं नेहमी रेंगाळतो. कळंबा तलावाचं पाणी नुसत्या उताराने इथवर येऊन साठायचं. जवळच सिद्धाळा. त्याची निदान बाग झाली. पाटाकडील तालीम हे नाव उच्चारलं, की माझ्या कानाला आधी पाटाचं पाणी ऐकू येतं आणि मग फुटबॉलचा गोंगाट.

खासबागेचं कुस्तीमैदान १९१२चं, शेजारचं पॅलेस थिएटर १९१५चं, दोन्ही शाहू महाराजांची. याच थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. रस्त्यावर उभं राहून रडणारी मोठी माणसं त्या रात्री अनेकांनी पाहिली. बाजूलाच देवल क्लब. महाराजांचे दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, तिथं पहाटे चालताना एखाद्या खिडकीतून तंबोरा ऐकू आला तर नवल वाटत नाही. पुढे रावणेश्वराचं तळं, म्हणजे शाहू स्टेडियम. रविवारी दुपारी इथं दोन पेठांचा सामना असेल, तर शांतपणे चालायचा बेत रद्द करा.

याच्याही पूर्वेला, शाहू मिलजवळ, कोटितीर्थ अजून तळं म्हणून उरलं आहे. चालत तिथवर जा. बुजलेली इतकी तळी ओलांडून आल्यावर खरं पाणी समोर दिसतं, तेव्हा नुसतं बघत बसावंसं वाटतं. काठावर देऊळ आहे, झाडं आहेत, बगळे आहेत. पाण्याची तब्येत काही फार बरी नसते.

पंचगंगेकडची तिसरी वाट थोडक्यात सांगतो. नदीच्या घाटावरून ब्रह्मपुरीच्या टेकाडाला वळसा घालायचा. या टेकाडात सातवाहन काळच्या वस्तीचे अवशेष मिळाले, आणि त्यात ब्राँझची एक छोटी मूर्ती होती. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून तो इथं कुणाच्या गाठोड्यातून आला असेल! टाउन हॉलच्या संग्रहालयात तो बघायला मिळतो. तिथून दसरा चौक जवळ. महाराजांनी १९०६ साली सुरू केलेलं मुस्लिम बोर्डिंग तिथंच. माझ्यासारख्यांच्या आधीच्या पिढ्या मराठी लिहिती झाल्या, त्यात या बोर्डिंगचा वाटा मोठा आहे.

चालायचं असेल तर पहाटे साडेपाचला निघा. परतताना गंगावेशीला म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, पेला मोठा असतो. आणि पावसाळ्यात गांधी मैदानाकडे जाणार असाल तर पायात कोल्हापुरी घालू नका. तिथलं पाणी घोट्याच्या वर येतं, आणि कातडं एकदा भिजलं की चप्पल वाया जाते.