मोबदला सांगताना जीभ का अडखळते?

(संकेतस्थळ-निर्मितीचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या तरुणांसमोर केलेले भाषण)



संकेतस्थळ कसे घडवावे, हे माझ्यासारख्या कलाशाखेच्या पत्रकाराने तुम्हाला शिकवावे, असे काही नाही. मी बोलणार आहे ते त्या कामाची किंमत सांगण्याविषयी. कारण हा रोग आमच्या व्यवसायात जुना आहे. लेखाबद्दल आम्हाला मिळते ते 'मानधन'. म्हणजे देणाऱ्याने ठरवायचे आणि घेणाऱ्याने पाकीट न उघडता खिशात घालायचे! या गोड शब्दाने लेखकांचे जेवढे नुकसान केले, तेवढे टीकाकारांनीही केले नसेल. तुमच्यापैकी अनेकजण ग्राहकाने रक्कम विचारताच म्हणतात, "काय ते तुम्हीच बघा, काका." भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते.

मालक आणि मजूर या विभागणीत न बसणाऱ्या स्वयंरोजगारी माणसाचा स्व. दत्तोपंत ठेंगडी यांनी वेगळा विचार केला आणि त्या क्षेत्राला विश्वकर्म्याचे नाव दिले. संगणकासमोर एकटा बसून काम करणारा तरुण याच क्षेत्रातला. गावातला सुतार लाकूड किती आणि मजुरी किती, हे स्वच्छ सांगतो. मग पदवीधरालाच संकोच का?

थोडा हिशोब करू. घरी महिना ५० हजार रुपये यावेत, अशी अपेक्षा असेल तर वर्षाचे ६ लाख झाले. संगणकाची झीज, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, आरोग्य विमा, हिशेबनिसाचे शुल्क यांसाठी दीड लाख धरा. एकूण साडेसात लाख. रविवार, सणवार, आजारपण वजा जाता कामाचे दिवस राहतात सुमारे २५०. दिवसाचे आठ तास बसलात, तरी निम्मा वेळ भेटीगाठी, दूरध्वनी आणि नवे शिकण्यात जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही. उरले वर्षाचे १,००० तास, म्हणजे तासाला ७५० रुपये. चाळीस तासांचे संकेतस्थळ ३० हजारांचे झाले. कर वेगळाच. ही रक्कम तुम्हाला जास्त वाटत असेल, तर आजवर तुम्ही स्वतःच्या खिशातून ग्राहकाला अनुदान देत होता! ग्राहक म्हणाला, "अमुक तर आठ हजारांत करतो," तर दर कमी करू नका, काम कमी करा. दहा पानांऐवजी तीन पाने द्या.

आता ग्राहक कुठे शोधायचा? दारोदार "संकेतस्थळ हवे का?" असे विचारत फिरू नका, त्याला उत्तर 'नको' हेच असते. देवगडच्या आंबा बागायतदाराकडे जा, पण एप्रिलमध्ये नव्हे; तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसते. पावसाळा सरल्यावर जा आणि विचारा, "पेट्यांची मागणी येते कुठून? दलालाकडून किती, थेट पुण्या-मुंबईच्या घरांतून किती? जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते कोणत्या वहीत आहेत?" त्या वहीतच तुमचे काम दडलेले आहे. एका बागायतदाराचे काम नीट झाले की दुसरा त्याच्याच तोंडून ऐकतो. येवल्याचा पैठणी विणकर असो वा कोकणातला घरगुती निवास चालवणारा, एक क्षेत्र धरा आणि त्यातले जाणकार व्हा.

बोलणे झाले की दरपत्रक लेखी द्या. निम्मी रक्कम आधी, उरलेली टप्प्याटप्प्याने. दुरुस्त्या दोनदा, पुढच्यांचे वेगळे पैसे. वार्षिक देखभालही वेगळी. संकेतस्थळाचे नाव मात्र ग्राहकाच्याच नावे नोंदवा. ते स्वतःच्या हाती ठेवून ग्राहकाला अडवणे, हा व्यवसाय नव्हे, खंडणी आहे.

उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. थकबाकीदाराला याची नुसती आठवण दिली, तरी पुष्कळदा काम होते.

आता थोडे आपल्याच घरातले. "आपल्या संस्थेचे संकेतस्थळ करून दे रे," असा निरोप आला की कार्यकर्त्याला नाही म्हणवत नाही. म्हणूही नये. पण सेवा आणि व्यवसाय यांची सरमिसळ दोहोंना मारक ठरते. फुकट म्हणून काम रेंगाळते, मजकूर सहा-सहा महिने येत नाही आणि दोष येतो तो त्या मुलाच्या माथी. गुरुदक्षिणेचे पाकीट बंद असते, ते तसेच असावे. दरपत्रकाचे तसे नाही. संस्थेलाही ३० हजारांचे रीतसर देयक द्या, खाली 'समर्पण: ३० हजार, येणे: शून्य' असे लिहा. आपण काय घेतले, हे संस्थेलाही कळू द्या. आणि असे काम वर्षातून एकच घ्या. घरी आईवडील आहेत, उद्या संसार असेल. संस्थाचालकांनाही माझी विनंती आहे की, सभागृहाच्या भाड्याची तरतूद करता तशी या कामाचीही करा.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली अशी: "वडिलांच्या स्नेह्यांनी गेल्या दिवाळीपासून पैसे दिलेले नाहीत. कसे मागू?" आधी हे सांगा, तुम्ही त्यांना देयक दिले आहे का?