आधी करमणूक, मग पुस्तक



कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणा म्हणजे फिशपाँड आणि बक्षीस समारंभ यांच्या मधला अडथळा, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यामुळे वाचनाचं महत्त्व मी सांगणार नाही. ते तुम्ही पहिलीपासून ऐकत आलात, आणि ते ऐकून कुणी पुस्तक उघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, 'ब' वर्गातलं. त्याचा एक अभिवाचन गट आहे. त्यात एक निवृत्त पोस्टमन, दोन शिक्षिका, एक मेडिकलवाला आणि अकरावी-बारावीची चार पोरं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. दोन स्टुलं, एक पेटी आणि हातात संहिता. गणपतीत, नवरात्रात मंडपात वाचतो. गोष्ट ऐन रंगात आली की आम्ही थांबतो. पेटीवाला सूर नुसता धरून ठेवतो. मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल असतं, त्यावर त्याच पुस्तकाच्या प्रती आणि देवघेवीचं रजिस्टर. लोक चिडतात. चिडलेला माणूस रजिस्टरात सही करतो, हा आमचा अनुभव.

एकदा आम्ही 'कळ्यांचे निःश्वास'मधली कथा घेतली. हे पुस्तक 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलं आणि मोठा गदारोळ झाला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईनं लिहिलं होतं. ही बाई कोण, यावर तर्क लढवले गेले. त्या मालतीबाई बेडेकर. अशी पुस्तकं अडवायला सरकार लागत नाही, घरातलं एक 'हे काय वाचतेस?' पुरतं. आमचं वाचन संपल्यावर एक बाई टेबलापाशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्याल का?" दिलं.

करमणुकीत काय ताकद असते ते राज्यकर्त्यांना आपल्याआधी कळलं. इंग्रजांनी नाटकांना वेसण घालणारा कायदा केला 1876 साली. पुढे 1907 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. महाभारतातली कथा, तिला कोण हरकत घेणार? पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. तिकीट काढून आलेल्या माणसाला जे एका रात्रीत समजलं, त्यावर बंदी घालायला सरकारला 1910 साल उजाडलं. आणि तो 1876चा कायदा रद्द कधी झाला? 2018 साली. आपल्याकडे कायदे नाटकांपेक्षा जास्त प्रयोग करतात.

करमणुकीतून लोकांना पुस्तकापर्यंत आणायचं काम केरळात आपल्याहून नेटानं झालं. पी. एन. पणिक्कर यांनी 1945 साली गावोगावच्या वाचनालयांचा संघ बांधला. देवळांच्या उत्सवांत आणि वाचनालयांच्या कार्यक्रमांत तिथं 'कथाप्रसंगम' रंगायचा. एकटा कथेकरी गाणार, अभिनय करणार, मधूनच टोमणे मारणार. व्ही. सांबशिवन यांनी या पद्धतीनं टॉलस्टॉय आणि शेक्सपिअर सांगितला, रात्री उघड्या मैदानात, कष्टकऱ्यांच्या गर्दीपुढं. कथाप्रसंगम निघाला हरिकथेतून, आणि हरिकथेला वळण मिळालं ते तंजावरात पोचलेल्या मराठी कीर्तनाचं. म्हणजे माल आपल्याच घरातला, धंदा मात्र त्यांनी केला.

काही गंभीर मंडळी आम्हाला म्हणतात, तुम्ही वाङ्मयाचा तमाशा मांडलाय. मांडलाय खरा. 'फकिरा' लिहिणारे अण्णा भाऊ साठे आधी वगांमधूनच लोकांच्या ओळखीचे झाले होते, हे या मंडळींच्या लक्षात नसतं. काय वाचावं हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे, असं आपण म्हणतो. पण कपाटात काय आहे हेच ज्याला माहीत नाही, तो ठरवणार काय? आधी त्याला गोष्टीची चटक लागली पाहिजे. मग तो चांगलं वाचेल, फालतू वाचेल, अर्ध्यात टाकून देईल. ते त्याचं त्याला बघू द्या.

मघाशी तुमचं ग्रंथालय पाहिलं. पुस्तकं उत्तम आहेत, कपाटांना काचा आहेत आणि कुलपंही आहेत. प्राचार्य सर, ती कुलपं काढा. पुस्तकं थोडी हरवतील, तेवढं सोसा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी दोन रेकॉर्ड डान्सच्या मध्ये पंधरा मिनिटं अभिवाचनाला मागून घ्या. पुस्तक तुम्ही निवडा, 'हे चालेल का' असं विचारत बसू नका. बसवून द्यायला आमचे पोस्टमनकाका येतील. त्यांना मानधन नको, एसटीचं भाडं आणि दोन वेळा चहा द्या. नावं आजच, कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नोंदवा.